कडी लावलेलीच होती

अप्पा,

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढ्याशा गोष्टीसाठी कागद कशाला नासतेस. नासणार आहे. आणि तुम्हाला आवडायचं तसं पाठपोट नाही, एकाच बाजूला लिहिणार आहे.

विषय सशाचा आहे. मी नऊ वर्षांची असताना मेलेल्या त्या तपकिरी सशाचा, ज्याच्या पिंजऱ्याची कडी मी लावली नाही असं तुम्ही मरेपर्यंत सांगत राहिलात. माझ्या लग्नातसुद्धा सोडलं नाहीत. व्याह्यांसमोर, हसत हसत: "मुलगी हुशार आहे हो, फक्त कड्या लावायला विसरते." सगळे हसले. मीही हसले, नव्या नवरीला दुसरं काय करता येतं. पण तेव्हापासून आजपर्यंत मी कुठलंही दार लावलं की कडी परत ओढून बघते. सून म्हणते, "आई, दार काय पळून जातंय का?" तिला काय सांगू?

आपल्या पनवेलच्या घराचं परसदार आठवा. मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, मागे मेंदीचं कुंपण, आणि चहाच्या खोक्याला जाळी ठोकून तुम्ही स्वतः केलेला पिंजरा. त्याला तळ नव्हता. सशाला जमिनीवरचं गवत खाता यावं, ही तुमचीच कल्पना. आणि त्या पिंजऱ्यापासून चार पावलांवर धुण्याचा दगड, ज्यावर तुम्ही रोज सकाळी आदल्या दिवशीच्या माशांची मुंडकी ठेवायचात. मुंगसासाठी. सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, ही तुमची श्रद्धा. कचेरीत बढतीची यादी लागायची होती त्या महिन्यात तर तुम्ही पायात चपला, काखेत पिशवी अशा थाटात मागच्या दारात उभे. आई आतून ओरडतेय, "अहो, त्याचं तोंड बघत बसाल तर साहेबाचं बघायला उशीर होईल!" आणि तुम्ही बोट ओठांवर ठेवून, "शू. येतंय." कुंपणाखालून ते लांबुडकं, करडं जनावर येतं, मुंडकं उचलतं, तुमच्याकडे एकदा लाल डोळ्यांनी बघतं. तुम्ही हात जोडता. आणि ते बघतं पिंजऱ्याकडे. हे मला तेव्हाही दिसत होतं, अप्पा. मी म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, शुभ जनावर आहे, ते काही करत नाही.

त्याच महिन्यात एका शनिवारी अर्धी शाळा करून मी आले तर तुम्ही परसात कुदळ धूत होतात. केळीखालची माती ओली, सारखी केलेली. पिंजरा रिकामा आणि कडी उघडी. "कडी लावली नव्हतीस." तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत, सांगितलंत. मी म्हटलं, "लावली होती, अप्पा." "मग काय सशाने उघडली?" आई हसली. बढती मिळाली, तुम्ही पेढे वाटलेत, माझ्या हातावरही एक ठेवलात. मी खाल्ला. त्याची लाज मला अजून आहे.

आता गेल्या मंगळवारचं सांगते. मी मुलाकडे असते, विचुंब्याला. छोटं घर, मागे चटईएवढी बाग. नातीला मैत्रिणीकडून पांढरा ससा मिळाला होता. त्याचं नाव ती दर आठवड्याला बदलायची. पिंजरा तुमच्यासारखाच बिनतळाचा, विटांवर टेकवलेला. त्याची कडी जरा सैल, म्हणून ती शाळेला जाताना कडीत स्वतःची गुलाबी क्लिप अडकवून जायची. दुपारी मी जरा आडवी झाले होते. चार वाजता भांड्याची बाई आली आणि मागून तिची हाक आली, "आजी, भाईर या लवकर!" ससा पिंजऱ्यातच होता. मानेवर रक्त. कडी लागलेली, क्लिप जागच्या जागी. "कडीला काय नाय झालं," ती म्हणाली, "मुंगूस हाय ह्यो. खालून उकरलंय, बघा." विटेशेजारी हाताच्या पंजाएवढं भोक. मग तिने कुंपणाच्या भिंतीवरच्या ताटलीकडे बघितलं. "आनि रोज मुंडकी कोन घालतंय त्याला?" उत्तराला न थांबता ती भांड्यांकडे वळली. शहाणी बाई आहे.

मी घालत होते, अप्पा. मुलाच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललंय, यादी कधीही येईल म्हणतात. तो ऑफिसला निघायच्या आधी मी मागच्या दारात उभी राहत होते. तुमच्यासारखीच.

ससा बाहेर काढायला मी क्लिप काढली, कडी उघडली. आणि तिथेच, ती क्लिप हातात असताना, मला कळलं. मेलेला ससा काढायचा तर कडी उघडावीच लागते. तुम्हीही उघडली असणार. खालचं भोक बुजवलंत, ससा पुरलात, आणि उघडी कडी माझ्यासाठी ठेवलीत.

संध्याकाळी मुलगा आला. ससा मी पुरला होता; रिकामा पिंजरा, उघडी कडी बघून तो जेवायच्या टेबलाशी मुलीला म्हणाला, "कडी लावली नव्हतीस ना?" कुठून आणतात हो ही वाक्यं? तुमच्याकडूनच आली असणार, रक्तातून. ती म्हणाली, "लावली होती, बाबा. क्लिपपण लावली होती." "मग कुठेय क्लिप?" क्लिप माझ्या गाऊनच्या खिशात होती.

तुम्हीच मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंत, शिस्त लागावी म्हणून. तिथे सिस्टरांचा नियम होता: फळा कोणी खराब केला, असं त्या विचारत नसत. जिने केला ती उभी राहील, म्हणायच्या, आणि वाट बघायच्या. मी उभी राहिले. गुडघे दुखतात, टेबल धरून उभी राहिले. म्हटलं, "तिने लावली होती. क्लिप ही बघ. मुंगसाला मुंडकी मी घालत होते, त्यामुळे ते इथे आलं." मुलगा म्हणाला, "आई, तू? इतकी शिकलेली?" "हो, मी." कशासाठी, ते सांगितलं नाही. त्याला कळलं असावं, कारण त्याने मान खाली घालून पोळी तोडायला घेतली.

नातीने माझ्या हातातून क्लिप घेतली आणि खोलीत गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी शाळेतून येऊन म्हणाली, "आजी, वेणी घाल." बस. तीन दिवस, अप्पा. एवढंच लागतं त्याला. तुमच्याच्याने तीन दिवस निघाले नसते? मी अबोला धरला असता, रडले असते, आणि मग आले असते वेणी घालून घ्यायला. त्याऐवजी तुम्ही मला जन्मभर कड्या ओढायला लावल्यात. तुमच्या फोटोला हार घालते, घालीनही. पण ही गोष्ट मी माफ केलेली नाही, करणार नाही, आणि वय झालं म्हणून मऊ पडेन असं समजू नका.

पत्र फोटोमागे वगैरे ठेवणार नाही, असली नाटकं मला जमत नाहीत. औषधांच्या खणात पडेल.

ताटली मी त्याच दिवशी उचलली. तरी आज सकाळी मुलगा बूट घालत असताना मुंगूस भिंतीवर आलं. मी मागचं दार लावून घेतलं, कडी ओढून बघितली. पण त्याचं तोंड नीट दिसेपर्यंत थांबले होते.