सूनबाईले सांग

पांढुर्णा
१७ जुलै १९८४

दादा, नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. वहिनीचा गुडघा कसा आहे, कळव.

तू पाठवलेले इंग्रजीचे कागद मिळाले. कनेक्टर झाले, क्लॉजही कसेबसे उरकले. पण रिपोर्टेड स्पीचवर लाल शाईनं "लक्ष दे" लिहिलंस ना, त्यानं डोकंच फिरलं माझं! अरे, यानं काय म्हटलं, तिनं ते त्याला काय सांगितलं, हेच तर मी लग्न झाल्यापासून करून राहिली.

सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही इथली रीत. मामाजी ओट्यावर, मी दाराआड. ते सासूबाईंना म्हणतात, "सूनबाईले सांग, चहात साखर कमी टाक म्हणा." मला ऐकू येतं. तरी सासूबाई आत येऊन सांगेपर्यंत मी चमचा धरून उभी!

आता ऐक. मी सासूबाईंना म्हटलं, सोमवारी सौसरला सप्लिमेंटरीचा पेपर आहे, मामाजींना विचारा. इंग्रजी निघालं नाही तर मास्तरणीचं ट्रेनिंग यंदाही गेलंच. परीक्षेचं नाव काढलं तर ते भडकतील, म्हणून सासूबाईंनी ओट्यावर जाऊन काय सांगावं? "सूनबाईले माहेरची आठवण येऊन राहिली." मामाजी म्हणाले, "वावरातलं निंदण झालं की जाऊ दे." झालं! ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर हे म्हणतात, "आईले सांग."

आणि तूही तसाच. दर पत्रात "घरी विचारून पाहा." मामाजींना स्वतः एक ओळ लिहिली असतीस तर तुझी शाई संपली असती का?

बरं, झालं ते सांगते, रागावू नको. काल मी पदर घेतला आणि दारात येऊन म्हटलं, "मामाजी, मले माहेरी नाही, परीक्षेले जायचं आहे." सासूबाईंच्या हातातलं सूपच पडलं. मामाजी सासूबाईंनाच म्हणाले, "तिले सांग, सकाळच्या बसनं मी घेऊन जातो."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मामाजी म्हणून राहिले, नापास झाली तं तोंड दाखवू नको."

असं ते म्हणालेच नव्हते, दादा! मी तिथंच उभी होते.

सोमवारी सौसरच्या स्टँडवर ये. मामाजींशी तू स्वतः बोल. मला मधे उभं केलंस तर याद राख.

आपल्या तोंडानं बोललेली,
तुझी विजू