घाटातलं गाऱ्हाणं

अप्पा, काल मी नवा बोगदा सोडून गाडी जुन्या घाटात घातली. बोगद्यातून काही मिनिटांत पलीकडे जाता येतं, पण आपला दगड वरच्या वळणावर आहे. गावच्या घराची किल्ली चुलतभावाला द्यायला निघाले होते. तुमच्यामागे वीस वर्षं ते घर मी नुसतं बंद ठेवलं. आता कौलं खचली आहेत आणि मला तिथे राहायचं नाही. म्हणजे घरी जायचा हा शेवटचा हिवाळा. तुमच्या तोंडावर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती.

दर हिवाळ्यात जत्रेसाठी आपण घाटकोपरच्या चाळीतून निघायचो. शेजारच्या भाऊंची जीप, आईने फडक्यात बांधलेली घावणं, माझ्या कानांना तुमचा मफलर. वडखळला वडापाव, पोलादपूरला चहा आणि मग घाटात वडाखालचा तो शेंदरी दगड. भाऊ इंजिन बंद करतात. तुम्ही चपला काढता, नारळ हातात धरता आणि आवाज लावता, "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां घराक जातत. ह्या भाऊच्या डोळ्यार झापड येवक देव नको!" आम्ही सगळे ओरडतो, "व्हय म्हाराजा!" "गिरणीतल्या सायबाक जरा माणुसकी दी!" "व्हय म्हाराजा!" भाऊ हळूच म्हणतात, "अप्पा, माज्या बायलेच्या तोंडाचापण बघूक सांगा." तुम्ही न हसता तेही देवाच्या कानावर घालता. गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं, असं तुम्ही म्हणायचात. 'व्हय' म्हणणारं कोणीतरी पाठीशी उभं हवं, नाहीतर ते अर्ध्या वाटेवरच राहतं.

पुढे मी पुस्तकं वाचली, सभा गाजवू लागले. दगडापुढे वाकायची सवय लागलेला माणूस मालकापुढेही वाकतो, हे मी मुलुंडपासून अंधेरीपर्यंत किती व्यासपीठांवरून सांगितलं असेल! तुम्ही मागच्या रांगेत बसून ऐकायचात आणि घरी येताना एवढंच विचारायचात, "घसो दुखता काय गो?"

घसा गेला तो तुमचा. ऑपरेशननंतर आवाजच उरला नाही. आई तोवर गेलेली. तुमच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात जीपमध्ये तुम्ही, मी आणि भाऊ. घाटात उतरल्यावर तुम्ही नारळ माझ्या हातात दिलात, स्वतःच्या गळ्याला बोट लावलंत आणि मग ते बोट माझ्याकडे केलंत. भाऊ म्हणाले, "अगो, घाल मगे. तुझ्याएवढा बोलणारा कोण आसा आमच्यात?"

मी म्हणाले, "भाऊ, मी दगडाशी बोलत नाही." तिथेच थांबायला हवं होतं. पण मी त्या गार वाऱ्यात, भर रस्त्यात दहा मिनिटं बोलले, मुद्देसूद, एकही शब्द न अडखळता. ज्याला आता कधीच बोलता येणार नव्हतं त्या माणसाला मी समोर उभं करून भाषण ऐकवलं. तुम्ही शांतपणे माझ्या हातातून नारळ परत घेतलात, चपला काढल्यात आणि ओठ हलवायला लागलात. घशातून नुसती हवा येत होती. मध्येच थांबायचात, 'व्हय'साठी. भाऊ एकटेच फाटक्या आवाजात म्हणायचे, "व्हय म्हाराजा." मी दरीकडे तोंड करून उभी होते. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. तुम्ही देवाला काय सांगितलंत ते भाऊंनाही कळलं नव्हतं. आता तेही नाहीत.

काल वडखळचा नाका ओळखूच आला नाही, गाडी नव्या उड्डाणपुलावरून निघून गेली. पोलादपूरचा चहावाला म्हणाला, "ताई, तुम्ही भाषणं करता ना? मोबाईलवर बघतो आम्ही. झकास बोलता! समोरच्याची पार वाट लावता."

"हो," मी म्हणाले.

"मग आज एवढ्या गप्प?"

मी अजून एक चहा मागितला.

वळणावर आता कोणी थांबत नाही. शेंदूर उडालाय, वडाचा पाचोळा दगडावर साचलाय. मी चपला काढल्या. गाऱ्हाणं घातलं नाही, माझा विश्वास नाही आणि खोटं मला बोलता येत नाही. फक्त "व्हय म्हाराजा" म्हणाले. तुम्ही चार वेळा थांबला होतात, मी चार वेळा म्हणाले. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एकाने विचारलं, "काय झालं मॅडम, गाडी बंद पडली?" कशाला 'व्हय' म्हणाले ते मला माहीत नाही, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हतात. त्या दिवशीच्या भाषणातला एक शब्दही मला आजसुद्धा चुकीचा वाटत नाही, अप्पा. म्हणूनच यातून सुटका नाही. मी चुकले असते तर माफी तरी मागितली असती.

किल्ली देऊन झाली. हे कागद गाडीच्या कप्प्यात राहतील. एकच दुरुस्ती करते. मी दरीकडे तोंड करून उभी होते, असं वर लिहिलंय, इतकी वर्षं सगळ्यांना तसंच सांगत आले. ते खरं नाही. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही थांबायचात तेव्हा माझ्याकडे बघत होतात, चारही वेळा.