छपरावरचे पंजे

१२ नोव्हेंबर, टुवूम्बा
आजपासून आमच्या छपरांच्या धंद्यात नॅनोयुग. नाकाला पांढरा लेप थापून छपरावर चढलेली माणसं विदूषक दिसतात. नव्या सनस्क्रीनमध्ये नॅनोकण. लावलं की दिसतच नाही. इथला उन्हाळा सुरू होतोय, दिवसातून तीनदा सक्तीचं. एरॉल एकोणीस वर्षं माझ्याकडे पत्रे बसवतोय, डॉक्टरने त्याच्या कानावरचा उन्हाने उठलेला डाग दोनदा जाळलाय. तो म्हणाला, नेव्ह, तुला माझी काळजी? ताप तर नाही ना आला? कुचकट.
मीही भरपूर चोपडलं.

१४ नोव्हेंबर
नीतीचाही विचार केला. नवी वस्तू, धोका असू शकतो. एरॉलची संमती विचारली. तो शिडीवर होता, मान हलली. होकारच.

९ जानेवारी, दुपार
घात! बोलिंग क्लबच्या नव्या छपरावर माणसाचे पंजे उमटलेत, रंग उडून पांढरट. सेक्रेटरी मिसेस ट्रेलॉर म्हणाल्या, तुमचं छप्पर आम्हाला टाटा करतंय. पत्रे बनवणारे सांगतात, क्रीममधले नॅनोकण ऊन लागलं की रंग खातात.
एरॉलला झापलं. म्हणतो, मी हातमोजे घालतो. सबबी!

१० जानेवारी
सनस्क्रीन बंद. जुना पांढरा लेपही बंद. नियम म्हणजे नियम. एरॉलने विचारलं, आणि माझा कान? म्हटलं, टोपी तिरकी घाल.

२६ फेब्रुवारी
एरॉलचा डाग परत आलाय. शुक्रवारी डॉक्टरकडे जायचं म्हणाला. नेमकी शुक्रवारी क्लबच्या छपराची पाहणी! पुढची तारीख घे म्हटलं. पुढची तारीख एप्रिलमध्ये, म्हणाला. मग घे की. त्याने दिलेली शिवी इथे लिहीत नाही. पण कामावर थांबला. निष्ठावान माणूस.

१ मार्च
पत्रे बनवणाऱ्यांच्या माणसाने मला छपरावरच्या पंज्यावर हात ठेवायला लावला. करंगळीसकट बरोबर बसला. मग दुसऱ्यावर. तोही बसला. मिसेस ट्रेलॉर खालून म्हणाल्या, तिसरा राहिला, नेव्हिल.
असे हात पुष्कळांचे असतात.

१९ एप्रिल
हॉस्पिटल. एरॉलचा अर्धा कान काढला. मानेतही काही सापडलंय म्हणे. आनंदाची बातमी मी स्वतः द्यायला गेलो: पंजे तुझे नव्हते, माझ्या मनात आता काही नाही, सोमवारी ये.
तो भिंतीकडे बघत राहिला. बँडेजमुळे ऐकू येत नसावं. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. नर्सने दारातून पाहिलं.
मग तो वळला. म्हणाला, ऐकू आलं होतं. पहिल्याच वेळी.