हशाची जागा

दादा,

बाबांना घेऊन दवाखान्यात जातेय. आज दाखल करून घेणार आहेत. प्रवासाने तू पार दमला होतास, म्हणून उठवलं नाही. चहा गरम करून घे. उजवी शेगडी पेटव, डावीचा भरवसा नाही.

अकराला चॅनेलची मुलगी येईल. बाबांच्या विनोदी टेलिफिल्म आणि खास कार्यक्रमांतले सगळ्यात चांगले तीन तिला हवेत. वाढदिवसासाठी, असं म्हणते. वाढदिवस होऊन चार महिने झाले, पण तू काही बोलू नकोस. डीव्हीडी कपाटातल्या खोक्यात आहेत. लिफ्टमध्ये अडकलेल्या न्हाव्याची दे, खोट्या डॉक्टरची दे, तिसरी तुला आवडेल ती. स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवून केलेला तो तासाभराचा कार्यक्रम मात्र देऊ नकोस. तो दवाखान्यात घेऊन ये.

काल डॉक्टरांनी बाबांना नाव विचारलं, पत्ता विचारला. नाव सांगून बाबा थांबले. पुढचं आठवत नाही, असं डॉक्टरांनी लिहून टाकलं. बाबा विसरले नव्हते रे. ते हशासाठी थांबले होते. हल्ली घरातही "भाजीत मीठ नाही" म्हणतात आणि आपल्याकडे बघत राहतात.

तू आलास की ते काहीतरी बोलतील आणि थांबतील. आयुष्यात त्यांच्या एकाही विनोदाला तू हसला नाहीस, ते मला माहीत आहे. आज हस. जरा मोठ्याने, कमी ऐकू येतं त्यांना.

मी काल करून बघितलं. मला रडूच आलं.

चिमी