तिने वेग वाढवायला सांगितला

प्रिय धाकट्या,

आधी बातमी, मग बाकीचं. भिंगरी आज पट्ट्यावर धावली. छातीला वायरी चिकटवून दवाखान्यात ज्या फिरत्या पट्ट्यावर पळवतात ना, तो. तुझ्या वहिनीने डोळे मिटून घेतले होते आणि मी भिंतीवरच्या आग विझवायच्या सूचना पुन्हापुन्हा वाचत होतो. तेवढ्यात आमची कन्या धापा टाकत तिथल्या बाईंना म्हणाली, "काकू, जरा जोरात करा ना." बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. पट्टा पळाला, पोरगी पळाली, पडद्यावरची रेघ पळाली, पण एकही ठोका वाट चुकला नाही. गोळ्या बंद. आता वर्षातून एकदा तोंड दाखवायचं, बस. दुकानात सोफा अर्धवट उसवून तसाच टाकलाय आणि त्याच्यावरच लिहायला बसलोय. सोफ्याचा मालक डोकावून गेला, त्याला म्हटलं, आज माझं डोकं थाऱ्यावर नाही, उद्या या.

तुला वाटेल, दादा आता जुनं उकरणार. उकरणारच. भिंगरीचं ऑपरेशन झालं तेव्हा, ते छान झालं म्हणून तूच सगळ्यांना फोन केले होतेस. मग संध्याकाळी आपण दोघं काचेपाशी उभे असताना तिच्या ठोक्यांची रेघ एकदम घाईला आली. दहा महिन्यांचं लेकरू निपचित पडलेलं आणि छाती मात्र पाखरासारखी फडफडतेय. घंटा वाजली, सिस्टर धावल्या, कुणीतरी पडदा ओढला. तू बाहेर गेलास तो परत आत आलाच नाहीस. मला त्याचा कधी राग आला नाही रे. पळून जावंसं मलाही वाटत होतं, पण मी बाप, जातो कुठे? एवढंच झालं, की तू अर्धं पाहिलंस आणि उरलेलं आपण कधी बोललोच नाही.

उरलेलं असं. डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवून सांगितलं, की हृदयातलं छिद्र बुजवताना जिथे टाके घालतात, त्याला लागूनच ठोक्यांचा हुकूम पोचवणारी वाट असते. तिथे सूज आली की हृदय काही दिवस कुणाचं ऐकत नाही. मग त्यांनी औषध सुरू केलं, ठोके मंदावावेत म्हणून अंगाला गार पिशव्या लावल्या. छातीतून बाहेर काढून ठेवलेल्या बारीक तारा एका डबीला जोडल्या आणि ती डबी ठोक्यांना ओळीत आणायला लागली. मी तिच्या तळपायाला हात लावला तर गारठलेला. पांघरूण घालू का विचारलं, तर म्हणाल्या, "आज गारच राहू द्या. ऊब द्यायला तुम्हाला जन्म पडलाय." दोन-तीन दिवसांत सूज उतरली, डबी बाजूला झाली. तोंडातली नळी काढल्यावर आमच्या भिंगरीबाईंनी पहिलं काम काय केलं, तर माझं बोट चावलं. शेजारच्या पलंगावरच्या मुलाचं मात्र तसं झालं नाही, त्याला ठोके चालवणारं यंत्र कायमचं बसवावं लागलं. तोही आज तपासणीला भेटला. पुढचे दोन दात पडलेत, पण बडबड करून नुसते कान किटवले त्याने.

आता खरं सांगतो. काल तुझ्या बायकोने तुझ्या वहिनीला फोन केला, रडत होती. बाळाच्या हृदयाला छिद्र आहे, डॉक्टर ऑपरेशनची तारीख ठरवा म्हणतात आणि तू नुसता "थोडं थांबू" म्हणतोस. वर आम्हाला कळू द्यायचं नाही अशी तंबी. वेड्या, तुझ्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला नाही कळणार तर कुणाला? तुला तो ओढलेला पडदा दिसतो. म्हणून त्याच्या पलीकडचं सगळं लिहिलं. तुझ्या बाळाचे ठोके बिघडणारच नाहीत, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण बिघडले तर ते सावरणारी माणसं तिथेच असतात, मी त्यांना पाहिलंय. उशीर मात्र कुणाला सावरता येत नाही. तारीख घे. मी आदल्या दिवशीच येतो. या वेळीही तुला आत उभं राहवलं नाही, तर खुशाल बाहेर जा. बाळापाशी मी असेन.

तुझाच, तुझ्याइतकाच भित्रा,
दादा