शू करणाऱ्या पोराची कुंची

१० नोव्हेंबर
चौथा तुकडा मिळाला! मोबाइलवरच्या या खेळात जगातले नावाजलेले पुतळे तुकड्यातुकड्यांनी जमवायचे असतात. माझं घोडं अडलंय ब्रुसेल्सच्या शू करणाऱ्या पोरावर. डोकं, हात, पाय, खालचा हौद – सगळं आलं. पोट राहिलंय. नेमकं कामाचं!

शेवटचा तुकडा सोबत्यानंच पाठवायचा, असा नियम. माझी सोबती एकच – लेक, प्रतिक्षा. खेळ तिनंच लावून दिला. ती बारामतीला, मी इंदापुरात. भाऊबीजेला आली तेव्हा जेवताना विचारलं, "गोड बातमी कधी गं?" तर ताटावरून उठली. "आई, परत विचारू नगंस," म्हणाली नि गेली. तेव्हापासून फोन नाही. आईनं नाही विचारायचं तर कुणी?

१३ नोव्हेंबर
तुकडा नाही. फोनही नाही.

१६ नोव्हेंबर
खेळात स्पर्धा निघालीय! त्या खऱ्या पुतळ्याला म्हणे देशोदेशीचे कपडे घालतात. आपल्याकडचा कपडा शिवून फोटो पाठवायचा. निवडला तर खेळातल्या पोराच्या अंगावर चढणार.

ब्लाउज शिवून शिवून कंटाळलेच होते. तान्ह्या बाळाची कुंची शिवते! उघडं पोर बारा महिने थंडीत उभं, कान तरी झाकतील. प्रतिक्षा बघेल, हसेल. हसली की बोलेल. मला तेवढंच हवंय.

१९ नोव्हेंबर
लाल खणाची कुंची झाली. काय गोड दिसते! कळशीवर घालून फोटो पाठवला. मग खळ जावी म्हणून धुतली आणि दारात वाळत घातली. तिथंच चुकलं.

शेजारच्या द्वारकाबाई आल्याच. "आगं जयवंता, आदीच शिवत्यात व्हय कुंची? पाचवी तरी हू दे! कुणासाठी गं?"
"पुतळ्यासाठी."
गालाला हात लावून हसल्या. "ऱ्हाऊ दे, लाजू नगं. कितवा म्हयना?"
मी सेहेचाळीस वर्षांची!

२१ नोव्हेंबर
हे एसटी डेपोत कामाला. द्वारकाबाईंची बातमी तिथवर पोचली नि सगळ्यांनी यांच्याकडून चहा उकळला. हे घरी आले ते लालबुंद होऊन. "जयवंता, मला तरी सांगायचं व्हतंस!"
अरे देवा, यांनाही खरंच वाटलं! हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, तर म्हणाले, "बस, बस. हलू नगंस, पानी आनतो."
पाणी पिऊन झाल्यावरच खरं सांगितलं.

२३ नोव्हेंबर
बारामतीहून फोन! हॅलो नाही, काही नाही – "आई, मला विचारत व्हतीस, आन् तूच?"
पुतळ्याचं, कळशीचं, डेपोतल्या चहाचं सांगितलं. कशी खळखळून हसली! माझे डोळेच भरले. फोन ठेवता ठेवता "ती कुंची कुणाला देऊ नगंस हां," म्हणाली.

संध्याकाळी खेळात पोट आलं! पोर पुरं झालं, धार सुरू! यांना दाखवलं तर म्हणाले, "यासाठी मी चहा पाजला?"

२८ नोव्हेंबर
स्पर्धेत दुसऱ्याच कुणाचा कपडा निवडला. निवडू देत!

३० नोव्हेंबर
प्रतिक्षा आली. कुंचीची घडी करून आपल्या पिशवीत ठेवली. मी तोंडाला पदर लावून बसले, चकार शब्द विचारला नाही. तिनंच सांगितलं – "तिसरा सरला, आई. ताटावरनं उठले ते मळमळलं म्हनून. आन् रोज फोन केला असता, तर तीन म्हयन्यांच्या आतच तुला सांगून बसले असते!"