पालथी नाव

बाबा, तुमची नाव अजून अंगणात पालथी पडली आहे. पैनगंगेवर पूल झाल्यापासून तिच्याखाली कोंबड्या असतात. मी सुट्टीवर आलोय असं आईला सांगितलंय, त्याला महिना होत आला. गावात जो तो विचारतो, "कॅप्टनसाहेब, जहाजावर कवा जाऊन राह्यले?" आणि मी घरात शिरून कडी लावतो. आई बाहेरून म्हणते, "दार उघड ना रे, जीव घुसमटते आतमंदी." मी उघडत नाही.

दर वर्षी मृगाआधी तुम्ही घाटावर, छातीभर पाण्यात, मुद्दाम नाव उलटवायचात. वल्ही मारणाऱ्या आम्हा सगळ्यांसकट. गाव हसायचं. एकदा मी तापाचं सोंग केलं, तर तुम्ही खाटेवरून उठवून नेलंत. नाकातोंडात पाणी गेलंय, मी रडकुंडीला आलोय आणि तुम्ही म्हणताय, "काऊन रे, पूर काय तुले इचारून येईन? चाल, पुन्ना उलटव." त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता. पुढे भर पुरात नावेचा दोर तुटला, तुम्ही एकदाच ओरडलात आणि प्रत्येकाचा हात आपसूक जागेवर गेला. सगळी माणसं काठाला लागली.

माझ्या जहाजावर नवा माणूस चढला की आगीचा सराव घ्यावाच लागतो. त्या आठवड्यात माल उतरवून सगळे मेटाकुटीला आले होते. मला दया आली. सराव झाला म्हणून मी रजिस्टरवर सही ठोकली. चौथ्या दिवशी इंजिनरूम पेटली. डेकवर माणसं मोजली, तर एक कमी. इंजिनाला तेल देणारा नवा ऑइलर, दोन लेकींचा बाप, धुरात भलत्याच जिन्याकडे गेला होता. दोघे त्याला शोधायला आत गेले आणि खोकत परत आले. मग मीच दारं बंद करून आग विझवणारा गॅस सोडायला सांगितलं. त्यात आगीबरोबर आतला माणूसही घुसमटून मरतो. बाकीचे एकवीस वाचले. हुकूम चुकला नव्हता बाबा, पण तो देण्याची पाळी माझ्या सहीने आणली.

चौकशीत मी सांगितलं, सराव झाला होता. म्हणजे चूक त्या मेलेल्या माणसाची. उद्या शेवटचा जबाब आहे. खरं बोललो तर पुन्हा जहाज मिळणार नाही. नाही बोललो तर त्या लेकी बापालाच दोष देत मोठ्या होतील. सकाळपासून टेबलाशी बसलोय. हे पत्र त्याच्या बायकोला लिहायला घेतलं होतं. तिचा पत्ता माझ्या खिशात आहे. तुम्ही गेल्यावर तुमचा कुठेच उरला नाही, म्हणजे हे पाठवावं लागणार नाही, म्हणून वर 'बाबा' लिहिलं.